वाचून दाखवणारे : अंधांच्या स्वावलंबनाची सव्वाशे वर्षे

मराठीत आपण कुणाला काही नुसते वाचत नाही, 'वाचून दाखवतो'. म्हणून दाखवतो, सांगून दाखवतो, करून दाखवतो. ऐकणाऱ्याला दिसत नसले तरी क्रियापद तेच राहते. आजोबांची दृष्टी गेली की नातवंडांपैकी कुणीतरी त्यांना वर्तमानपत्र वाचून 'दाखवते', आणि या शब्दयोजनेतली गंमत कुणाच्या ध्यानातही येत नाही. अंधांच्या स्वावलंबनाचा इतिहास पाहू लागलो तेव्हा आम्हांस जाणवले की, हा इतिहास बव्हंशी वाचून दाखवणाऱ्याचाच आहे. तो कोण होता, किती काळ हाताशी असे, कोणत्या भाषेत वाचीत असे आणि तो उठून गेल्यावर मागे काय उरे, या प्रश्नांभोवती सारी कथा फिरते. आज हे काम खिशातला दूरध्वनी करू लागला आहे. हा दूरध्वनी मराठी माणसाच्या हाती कोणत्या वाटेने आला, हे सांगणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू.

आपल्या वाचकांपैकी पुष्कळांची घराणी १ नोव्हेंबर १९५६ नंतर, नव्या मध्यप्रदेशाचा कारभार भोपाळास आला तेव्हा, नागपूर-वऱ्हाडाकडून येथे आली. काही त्याआधीच ग्वाल्हेर-इंदूरकडून आलेली होती. वऱ्हाडातून आलेल्यांच्या देवघरात एक तसबीर हमखास आढळते, ती प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराजांची. अमरावती जिल्ह्यात १८८१ साली जन्मलेल्या या मुलाचे डोळे जेमतेम नऊ महिन्यांचा असताना गेले. १९१५ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, पुण्यास त्यांचे देहावसान झाले. एवढ्या अल्प आयुष्यात त्यांनी शंभराहून अधिक लहानमोठे ग्रंथ सांगितले. 'सांगितले' हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरतो आहोत. इतरांनी वाचायचे, महाराजांनी ऐकायचे. महाराजांनी बोलायचे, इतरांनी लिहून घ्यायचे, असा तो क्रम होता. त्यांच्या प्रज्ञेविषयी भक्तांनी विपुल लिहिले आहे. आमचे लक्ष मात्र त्यांच्याभोवतीच्या त्या अनाम वाचकांकडे आणि लेखनिकांकडे जाते. हा गोतावळा नसता तर ती प्रज्ञा किती कागदावर उतरली असती? प्रज्ञाचक्षूंनादेखील चर्मचक्षू उसने घ्यावे लागले, आणि असे चक्षू मिळायला संतपदच हवे होते. वऱ्हाडातल्या सामान्य कुणब्याच्या अंध पोराला कोण वाचून दाखवणार होते?

वास्तविक महाराजांच्या हयातीतच बोटांनी वाचण्याची विद्या मराठी मुलखात पोहोचली होती. फ्रान्समध्ये लुई ब्रेल या तरुणाने आपली सहा ठिपक्यांची लिपी १८२९ साली प्रसिद्ध केली. त्याचा जन्म १८०९ चा, तेव्हा वय अवघे वीस. हिंदुस्थानात अंधांची पहिली शाळा १८८७ साली अमृतसरला मिस अ‍ॅनी शार्प यांनी काढली. मुंबईत दादरला अमेरिकन मराठी मिशनच्या मिस अ‍ॅना मिलर्ड यांनी १९०० साली, म्हणजे छप्पनच्या दुष्काळाच्या ऐन धामधुमीत, अंधांसाठी शाळा सुरू केली. आजची श्रीमती कमला मेहता अंधशाळा ती हीच. पुढे पुण्यातही १९३४ साली अंधशाळा निघाली. परंतु दादरहून वऱ्हाडातल्या खेड्यापर्यंतचे अंतर त्या काळी मैलांत मोजण्यासारखे नव्हते.

दुसरी अडचण आम्हां सरकारी माणसांना चटकन कळण्याजोगी आहे. जितकी कार्यालये तितके नमुने, तसा प्रकार झाला होता. कलकत्त्याला लालबिहारी शाह यांनी बंगालीसाठी आपली ब्रेल बसवली, मुंबईत डॉ. नीळकंठराय छत्रपती यांनी गुजरातीसाठी निराळी, आणि मिशनऱ्यांनी तिसरीच. एका शाळेत शिकलेल्या मुलाला दुसऱ्या शाळेतले पुस्तक वाचता येईना. ठिपके सहाच, पण त्यांचे अर्थ गावोगाव बदलत होते. स्वातंत्र्यानंतर केंद्राच्या शिक्षण खात्यात लाल अडवाणी या स्वतः दृष्टिहीन असलेल्या अधिकाऱ्याची नेमणूक झाली, आणि १९५१ साली सर्व भारतीय भाषांसाठी एकच 'भारती ब्रेल' मान्य झाली. ज्या वर्षांत भाषांवरून प्रांतांचे तुकडे पडण्याची भाषा चालली होती, त्याच वर्षांत एका खोलीत बसून हे झाले, ही गोष्ट आम्हांस फार मोठी वाटते. भारती ब्रेलमध्ये मराठी 'क', बंगाली 'क' आणि तमिळ 'क' यांना ठिपके तेच. एक आणि तीन क्रमांकांचे दोन ठिपके, म्हणजे इंग्रजीतला 'के'. मराठीचा लाडका 'ळ' देखील विसरला गेला नाही. चार, पाच आणि सहा हे उजवीकडचे तिन्ही ठिपके उठवले की 'ळ'. जोडाक्षरासाठी हलन्ताची खूण अक्षराच्या आधी येते, हे डोळसाला जरा उफराटे वाटते, पण बोटाला ते सोयीचे आहे. अक्षर हाताला लागण्याआधीच ते अर्धे असल्याचे कळते.

ब्रेलने वाचून दाखवणाऱ्याची गरज संपवली का? काही अंशी. ब्रेलचा कागद जाड, अक्षर मोठे आणि एका मध्यम कादंबरीचे चार-चार पाच-पाच खंड. घरात कपाट हवे आणि छापखाना कुठे तरी दूर डेहराडूनला नाहीतर मुंबईला. शिवाय आजचे वर्तमानपत्र, विजेचे बिल, बँकेतून आलेली चिठ्ठी, औषधाच्या बाटलीवरची तारीख यांची ब्रेल आवृत्ती कोण काढणार? मराठीत ब्रेलमधले पाक्षिक निघायला फेब्रुवारी २००८ उजाडावा लागला. श्री. स्वागत थोरात यांनी मुंबईतून सुरू केलेले 'स्पर्शज्ञान' हे ते पाक्षिक. लिपी १८२९ ची आणि मराठी पाक्षिक २००८ चे! दर्पणकार जांभेकरांपासून आपण मराठी पत्रकारितेचा इतिहास सांगतो, त्यात या पाक्षिकाला एक ओळ तरी मिळते की नाही, याची आम्हांस शंका आहे.

मुंबईत १९५२ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय अंधजन मंडळाच्या (प्रसिद्ध क्रिकेटपटू विजय मर्चंट यांनी त्याचे अध्यक्षपद दीर्घकाळ भूषवले) आणि इतर संस्थांच्या प्रयत्नांनी ध्वनिफितींची ग्रंथालये उभी राहिली. कितीतरी गृहिणींनी दुपारच्या वेळी दारे-खिडक्या लावून, पंखा बंद करून मराठी पुस्तके फितींवर वाचून ठेवली. हे वाचून दाखवणारे उठून जात नसत, हा मोठाच लाभ. नोकरीच्या बाजूस मात्र चित्र संकुचित होते. आमच्या नोकरीच्या काळात कार्यालयात अंध कर्मचारी म्हटला की तो दूरध्वनी केंद्रावरचा ऑपरेटर, किंवा खुर्च्या विणणारा, किंवा शाळेत असेल तर संगीत शिक्षक, असे समीकरण होते. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याने राखीव जागा दिल्या. पण ज्या टेबलावर फायली चालतात तेथे त्याला बसवावे कसे, हा प्रश्न साहेब लोकांना पडे. फाईल वाचणार कोण? पुन्हा तोच प्रश्न.

त्याचे पहिले यांत्रिक उत्तर अमेरिकेत रे कर्झवाईल यांनी १९७६ साली दिले. छापील पान काचेवर पालथे ठेवायचे आणि यंत्राने ते मोठ्याने वाचायचे. यंत्र टेबलाएवढे, किंमत संस्थांनाच झेपावी अशी, आणि भाषा इंग्रजी. नंतर संगणकाचा पडदा वाचणाऱ्या प्रणाली आल्या. १९९५ पासून विंडोजवर चालणारी 'जॉज' ही त्यांतली नामांकित, पण तिची किंमत संगणकाच्या किमतीशी स्पर्धा करणारी. ऑस्ट्रेलियात मायकेल करन या अंध तरुणाने २००६ साली 'एनव्हीडीए' नावाची प्रणाली लिहायला घेतली आणि ती फुकट वाटली. आपल्याकडच्या अंध विद्यार्थ्यांसाठी दार उघडले ते येथे. २०१६ साली केंद्र सरकारने 'सुगम्य पुस्तकालय' हे इंटरनेटवरचे ग्रंथालय सुरू केले. त्याआधी २०१२ साली लेखाधिकाराच्या कायद्यात दुरुस्ती होऊन अंधांसाठी पुस्तकाचे रूपांतर करण्यास मोकळीक मिळाली होती, आणि याच विषयावरच्या माराकेश येथील आंतरराष्ट्रीय करारास २०१४ साली सर्वप्रथम अनुसमर्थन दिले ते भारताने. एरवी आपल्या सरकारी गतीविषयी नाके मुरडली जातात, म्हणून हे आवर्जून नमूद केले.

आता फोनकडे वळू. बटनांच्या जुन्या फोनवर ५ या आकड्यावर एक बारीकसा उंचवटा असे. पुष्कळांनी तो वर्षानुवर्षे वापरूनही पाहिला नसेल. अंध माणूस त्या उंचवट्यावर बोट टेकवी, आणि वर २, खाली ८, डावीकडे ४, उजवीकडे ६ असा सारा नकाशा त्याच्या हाती येई. मग गुळगुळीत काचेचे फोन आले. बटने गेली, उंचवटा गेला. काचेवर बोट फिरवले तर सगळीकडे सारखेच गार. सारे जग ज्याला प्रगती म्हणत होते ती अंधांच्या दृष्टीने सरळसरळ अधोगती ठरणार, अशी तेव्हा रास्त भीती होती.

येथे कथेत एक पुण्याचा मुलगा येतो. टी. व्ही. रामन यांचा जन्म १९६५ चा, बालपण पुण्यातले. काचबिंदूने दृष्टी अधू होत गेली आणि चौदाव्या वर्षी पूर्ण गेली. पुणे विद्यापीठातून गणिताची पदवी, मुंबईच्या आयआयटीतून संगणकशास्त्र, आणि १९९४ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट. प्रबंधाचा विषयच पाहा: गणितातली लांबलचक सूत्रे ऐकून समजतील अशी वाचून दाखवणारी प्रणाली. डोळसाला सूत्र एका दृष्टिक्षेपात दिसते. ऐकणाऱ्याला कंस कुठे उघडला आणि कुठे मिटला हे कसे कळावे? रामन यांनी आवाजाची पट्टी बदलून, वर लिहिलेला घातांक उंच स्वरात आणि खाली लिहिलेला अंक खालच्या स्वरात, अशी युक्ती केली. आपल्या कीर्तनकारांना ही गोष्ट सांगितली तर ते म्हणतील, आम्ही दुसरे काय करतो!

हे गृहस्थ २००५ साली गूगल कंपनीत गेले आणि तेथे सहकारी चार्ल्स चेन यांच्यासह काचेच्या फोनच्या प्रश्नाला भिडले. उत्तर असे साधे निघाले की ते आधी कुणाला का सुचले नाही, याचे नवल वाटते. काचेवर ५ कुठे आहे हे शोधायचेच कशाला? बोट जेथे प्रथम टेकेल तेथे ५ आहे असे फोननेच मानावे. तेथून वर सरकले की २, तिरपे वर डावीकडे गेले की १. उंचवटा काचेवरून निघाला आणि बोटाखाली येऊन बसला. अंधाने यंत्राची जागा शोधायची नाही, यंत्राने अंधाच्या बोटाची जागा शोधायची, ही उलटापालट आमच्या मते ब्रेलच्या सहा ठिपक्यांनंतरची मोठी घटना आहे. २००९ सालीच अँड्रॉइड फोनांत 'टॉकबॅक' आणि अ‍ॅपलच्या फोनांत 'व्हॉइसओव्हर' ही सोय मुळातच घालून मिळू लागली. वेगळी विकत घ्यायची नाही, वेगळी मागायची नाही. बोट फिरवाल ते फोन बोलतो, दोनदा टिचकी मारली की ते उघडते. आणि ज्या ब्रेलला आता कोण विचारतो असे काही लोक म्हणू लागले होते, ती २०२० साली टॉकबॅकमध्ये काचेवरच्या सहा टिचक्यांच्या रूपाने परत आली.

येथवर सारे ठीक. पण हा फोन बोलतो कोणत्या भाषेत?

हा प्रश्न पुण्या-मुंबईपेक्षा आपल्या भोपाळात अधिक टोचतो. इंद्रपुरीत आमच्या परिचयाच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत, वयाने आमच्याहून बऱ्याच वडील. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले. आयुष्यभर मराठी वाचन अफाट. मुलगा वाचून दाखवी, तोवर बरे होते. आता घरात जी नातवंडे आहेत ती मराठी बोलतात, गोड बोलतात, पण शिकली हिंदी आणि इंग्रजी माध्यमात. देवनागरी त्यांना येते, पण ती हिंदीची देवनागरी. त्यांनी मराठी वाचले की 'माझा' चा 'झ' आणि 'आमचा' चा 'च' हिंदी होऊन बाहेर पडतो, आणि 'ळ' आला की गाडी अडखळते. आजी ऐकतात, हसतात आणि म्हणतात, "राहू दे बाळा, थकलास." थकलेले दोघेही असतात. आपल्या कितीतरी घरांत दृष्टी गेलेल्या वडीलधाऱ्या माणसाचा मराठी अक्षराशी संबंध असाच तुटतो. डोळ्यांमुळे तुटतो हे खरे. पण घरात मराठी वाचणारे कुणी उरले नाही म्हणूनही तुटतो, आणि हे दुसरे कारण आपण सहसा बोलून दाखवीत नाही.

बाईंच्या हाती फोन आला तेव्हा तोही नातवाच्याच वळणावर होता. भोपाळात घेतलेला, हिंदी आवाज बसवलेला. मराठी मजकूर समोर आला की तो हिंदी समजून धडाधडा वाची. त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थ्याने आवाजाच्या मांडणीत जाऊन मराठी आवाज उतरवून दिला, तेव्हा कुठे फोन मराठी झाला. हा पर्याय त्यात आधीपासून होता. ठाऊक कुणालाच नव्हता. मराठी आवाज परिपूर्ण आहे असे मात्र नव्हे. मराठीत च, ज, झ यांचे उच्चार दोन-दोन आणि अक्षर एकच. 'जरा' म्हणजे थोडेसे आणि 'जरा' म्हणजे म्हातारपण, लिहिताना एकच, उच्चारताना वेगळे. यंत्राने काय समजावे? बाई स्वतः व्याकरण शिकवीत असत, त्यामुळे फोनच्या चुका काढण्यात त्यांना विलक्षण आनंद मिळतो. विद्यार्थी निवृत्तीनंतरही मिळाला, असे त्या म्हणतात.

आता पैशाचा विषय. स्वावलंबनाची खरी कसोटी तेथेच लागते, कारण पुस्तक दुसऱ्याने वाचून दाखवले तर चालते, नोट दुसऱ्याने ओळखून सांगितली तर विश्वासाचा प्रश्न येतो. जुन्या महात्मा गांधी मालिकेत १०० ची नोट १५७ मिलिमीटर लांब, ५०० ची १६७ आणि १००० ची १७७. दर पायरीला दहा मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ बोटाची रुंदी. अंध माणूस नोट बोटांभोवती दुमडून लांबी मापी आणि बिनचूक सांगे. उंचावलेल्या खुणाही होत्या: शंभराला त्रिकोण, पाचशेला वर्तुळ, हजाराला समभुज चौकोन. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या आणि नवी मालिका आली. तीत १०० ची नोट १४२ मिलिमीटर, २०० ची १४६ आणि ५०० ची १५०. उंची तिन्हींची ६६. दहाचा फरक चारावर आला. खुणा नव्या नोटांवरही आहेत, परंतु नोट चार हातांतून फिरली, घामाने मऊ झाली की उठाव बसतो. डोळसांनी त्या दिवसांत रांगा सोसल्या. अंधांनी रांगाही सोसल्या आणि बोटांनी कमावलेली विद्याही गमावली. मापे ठरवणाऱ्या समितीत एखादा अंध सदस्य असता तर कदाचित चारऐवजी आठ मिलिमीटर झाले असते; निदान प्रश्न तरी विचारला गेला असता.

राष्ट्रीय अंधजन मंडळाने हे गाऱ्हाणे मुंबई उच्च न्यायालयात नेले. २०१९ च्या मार्चमध्ये नाण्यांची नवी मालिका जाहीर झाली, तीत २० रुपयांचे नाणे बारा कडांचे, हाताला लगेच कळणारे. आणि १ जानेवारी २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने 'मनी' नावाचे अ‍ॅप दिले. फोनचा कॅमेरा नोटेवर धरला की ते नोटेची किंमत बोलून सांगते, इंटरनेट नसले तरी सांगते, आणि भर बाजारात मोठ्याने बोलायला नको असेल तर थरथरून सांगते. आरंभी हिंदी-इंग्रजीतच होते. पुढे इतर भारतीय भाषांबरोबर मराठीही आली. नोट खरी की खोटी हे ते सांगत नाही, तसे बँकेने स्पष्टच म्हटले आहे. उपयोग होतो. पण भाजीवाल्यापुढे एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात फोन, मग नोट कोणत्या हातात धरायची? अ‍ॅप लिहिणारे भाजी आणायला जात नसावेत.

गंमत अशी की, ही अडचण पुष्कळशी सोडवली ती अंधांसाठी न केलेल्या गोष्टीने. २०१६ साली यूपीआय आले, आणि काही वर्षांत दुकानादुकानांत पैसे जमा झाल्याचे मोठ्याने सांगणारी लहानशी पेटी आली. ती दुकानदाराच्या सोयीसाठी. परंतु अंध ग्राहकाला आपण किती दिले हे सर्वांदेखत ऐकू येऊ लागले, आणि गल्ल्यावर बसलेल्या अंध दुकानदाराला किती आले हे कुणाला न विचारता कळू लागले.

उसन्या डोळ्यांची प्रथाही नव्या रूपाने चालू आहे. डेन्मार्कमधल्या हान्स यॉर्गन विबर्ग या अधू दृष्टीच्या कारागिराने २०१५ साली 'बी माय आइज' हे अ‍ॅप काढले. अंधाने बटन दाबले की जगात कुठे तरी बसलेला एक स्वयंसेवक त्याच्या कॅमेऱ्यातून पाहून सांगतो: हा डबा साखरेचा, तो मिठाचा. २०२३ पासून त्यात माणसाऐवजी कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारण्याची सोयही झाली. मायक्रोसॉफ्टमधल्या साकिब शेख या अंध अभियंत्याच्या पुढाकाराने झालेले 'सीइंग एआय' (२०१७) आणि गूगलचे 'लुकआउट' (२०१९) हेही त्याच जातीचे. फोटोत कोण आहे, पाकिटावर काय लिहिले आहे, खोलीत दार कोणत्या बाजूला आहे, हे ती सांगतात. कधी कधी चुकीचे, पण अत्यंत आत्मविश्वासाने सांगतात. औषधाच्या गोळीच्या बाबतीत असा आत्मविश्वास धोक्याचा. बाईंचा नियम सोपा आहे: बिल आणि बातमी यंत्राला विचारायची, गोळी माणसाला. दुसरी एक नाजूक बाब अशी की, बँकेचा कागद फोनला दाखवला म्हणजे तो कुठल्या तरी दूरच्या संगणकालाही दाखवला. नातवाला वाचायला दिलेला कागद घरात राहत असे.

कायद्याच्या अंगाने अलीकडे जे घडले त्यातल्या एका प्रकरणाचा उगम आपल्याच राज्यात आहे. मध्यप्रदेशाच्या १९९४ च्या न्यायिक सेवा नियमांत ६-अ हा नियम होता. त्याने दृष्टिहीन उमेदवारांना न्यायाधीशाच्या पदापासून बाहेरच ठेवले होते. एका दृष्टिहीन उमेदवाराच्या आईने सरन्यायाधीशांना पत्र लिहिले, न्यायालयाने त्याचीच याचिका केली, आणि ३ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो नियम त्या मर्यादेत रद्द ठरवला. नियम करणारे लोक दुष्ट नव्हते, हे आम्ही खात्रीने सांगू शकतो, कारण असे नियम कसे होतात ते आम्ही आयुष्यभर पाहिले आहे. 'फाईल वाचणार कोण' या जुन्या प्रश्नाचे उत्तर दरम्यानच्या काळात बदलले होते आणि नियमांच्या पुस्तकाला ते कुणी कळवले नव्हते. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत १२४ वा क्रमांक मिळवून भारतीय प्रशासन सेवेत गेल्या आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये तिरुवनंतपुरमला उपजिल्हाधिकारी म्हणून रुजू झाल्या, तेव्हाच ते कळायला हवे होते. त्यांची शाळा, दादरची तीच, १९०० सालची.

त्याच खंडपीठाने ३० एप्रिल २०२५ रोजी दुसरा निर्णय दिला, तो आपल्या रोजच्या व्यवहाराचा आहे. बँकेत खाते किंवा मोबाईलचे कार्ड घेताना आता ओळखीची पडताळणी फोनवरून होते, आणि समोरचा माणूस जिवंत आहे याची खूण म्हणून यंत्र सांगते, डोळ्यांची उघडझाप करा. ज्याला दिसत नाही, किंवा अ‍ॅसिड हल्ल्यात ज्याच्या पापण्याच जळाल्या, त्याने काय करावे? अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या प्रज्ञा प्रसून व इतर, आणि अमर जैन हे दृष्टिहीन वकील, यांनी दाद मागितली. न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जीविताच्या हक्काचाच भाग मानला आणि पर्यायी पद्धती ठेवण्यासह वीस निर्देश दिले.

निर्देश निघाले म्हणजे काम झाले असे नव्हे, हे आमच्या पेशातल्या माणसाला सांगायला नको. एका बँकेच्या अ‍ॅपवर बाई बोट फिरवतात तेव्हा फोन म्हणतो, "बटन. बटन. बटन." चित्रे काढणाऱ्याने चित्राखाली नाव लिहिण्याची तसदी घेतलेली नसते. कुठे वेडीवाकडी अक्षरे ओळखून लिहायला सांगतात, आपण यंत्र नाही हे यंत्राला पटवून देण्यासाठी. कुठे तीस सेकंदांत सहा आकडे भरायचे असतात, आणि ते आकडे फोन वाचून संपवीपर्यंत वीस सेकंद जातात.

दाराबाहेरची गोष्ट तर निराळीच. नकाशाचे अ‍ॅप बाईंना सांगते की आपण रायसेन मार्गावर इंद्रपुरीच्या चौकाजवळ आहात, औषधाचे दुकान ऐंशी मीटरवर आहे. ते खरे असते. त्या ऐंशी मीटरांत पदपथावर मोटारसायकली उभ्या आहेत, गटारीवरचे झाकण सरकलेले आहे, पाणीपुरीची गाडी लागली आहे आणि गाय बसली आहे, हे उपग्रहाला ठाऊक नसते. तेथे पांढरी काठीच लागते, आणि कोपऱ्यावरचा तो पानवाला, जो दुरूनच ओरडतो, "माताजी, लेफ्ट से आइये." त्याला कुणी शिकवलेले नाही.

गेल्या दिवाळीत बाईंनी माळ्यावरची एक पत्र्याची पेटी उतरवून घेतली. त्यांच्या पणजोबांचे कागद होते. फोन एकेका कागदावर धरून पाहिला, आणि तो दर वेळी गप्प राहिला, किंवा भलतेच दोन शब्द बोलला. आम्हांस बोलावले. पाहतो तो सारे मोडीत. आम्ही चष्मा पुसला, कागद उजेडात नेला, आणि 'श्री' पलीकडे एक अक्षर लागेना. बाई म्हणाल्या, "म्हणजे आज आपण दोघेही सारखेच." कागद पुन्हा पेटीत ठेवले आहेत. मंडळाच्या सभासदांपैकी कुणास मोडी येत असल्यास त्यांनी इंद्रपुरीस अवश्य यावे; वाचून दाखवणारे माणूस हवे आहे.